सोलापुरात राहायला यायचंय. शहर कितपत सुरक्षित आहे?

बँकेतल्या बदलीमुळे पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. सोबत सासूबाई आणि अकरावीत जाणारी मुलगी; यजमान अजून वर्षभर पुण्यातच. इंटरनेटवर सोलापूरचा ‘क्राइम इंडेक्स’ पाहून त्यांनी धास्ती घेतली आहे, त्यात रोज कोयते-तलवारींच्या बातम्या. शहर सुरक्षित आहे का, घर कुठल्या भागात घ्यावं, मुलीला संध्याकाळच्या क्लासला एकटं सोडता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे. मी इथल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवतो, कधी मूळ फिर्यादीच्या बाजूने, बहुतेक वेळा आरोपीच्या. त्यामुळे या शहराचे फार गोडवे मी गाणार नाही आणि उगाच घाबरवणारही नाही.

ताई, सरळ उत्तर आधी देतो: या. अनोळखी माणूस रस्त्यात गाठून काही करील, ही भीती सोलापुरात उराशी घेऊन फिरण्यासारखी नाही. जपायचं ते ओळखीच्या व्यवहारात: उसनवारी, प्लॉट, घरातली धुसफूस, फोनवर आलेली लिंक. आणि रस्ता ओलांडताना.

तुम्ही पाहिलेला इंडेक्स बाजूला ठेवा. असले निर्देशांक पोलिसांच्या नोंदींवरून निघत नाहीत. त्या साइटवर येणारे लोक ‘रात्री एकटं फिरताना भीती वाटते का’ असल्या प्रश्नांना जी उत्तरं देतात, त्यांवरून तो आकडा काढलेला असतो. सोलापूरसाठी अशी उत्तरं भरणारे असून असून किती असणार?

सरकारी आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, वार्षिक अहवालात येतात. त्यातल्या महानगरांच्या तक्त्यात वीस लाखांवर लोकसंख्येची शहरं असतात. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे आपण त्या रांगेत बसतच नाही. ‘गुन्हेगारीत सोलापूर पुण्याच्या पुढे’ असं कुणी त्या तक्त्याच्या नावावर ठोकून देत असेल, तर त्याने तो तक्ता उघडलेला नाही. सोलापूर सापडतं ते जिल्हावार आकड्यांत, आणि तिथेही दोन तुकड्यांत. एक सोलापूर शहर, जिथे १९९२ पासून पोलीस आयुक्तालय आहे आणि फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, जोडभावी पेठ आणि एमआयडीसी अशी सात ठाणी आहेत. दुसरं सोलापूर ग्रामीण, पोलीस अधीक्षकांकडे. त्यात पंढरपूर, बार्शी, अकलूज, मंगळवेढा, करमाळा सगळं आलं. बाहेरगावच्या पेपरात ‘सोलापुरात खून’ असा मथळा दिसला, तर ती घटना माळशिरस तालुक्यातल्या बांधावरची असू शकते, होटगी रोडवरच्या एखाद्या फ्लॅटपासून शंभरेक किलोमीटरवर.

मोठ्या बातम्यांचंही तसंच. २०१६ साली ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून अमली पदार्थांसाठी लागणारं एफेड्रिन टनावारी पकडलं, २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी तिथेच एमडी या अमली पदार्थाच्या कारखान्यावर धाड टाकली. दोन्ही वेळा सोलापूरचं नाव देशभर गेलं. चिंचोळी मोहोळ तालुक्यात येते, पुण्याच्या रस्त्याला. प्रकरणं गंभीरच आहेत, पण त्यांवरून विजापूर रोडवर रात्री दूध आणायला जावं की नाही, हे ठरत नाही.

आता ‘दर’ काढतात कसा? गुन्हे भागिले लोकसंख्या, लाखामागे. अवघड काहीच नाही, पण दोन्ही आकडे मुळात निसरडे आहेत. लोकसंख्या घ्यायची ती २०११ वरून अंदाजाने वाढवलेली. शहराची हद्द पोलिसांच्या नकाशावरची. विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि २०२४ च्या जानेवारीत जिथल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या ते रे नगर, ही दोन्ही कुंभारीला, दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. तिथली माणसं रोज कामाला शहरातच येतात. उद्या पूर्व भागातली पाच-दहा हजार कुटुंबं तिकडे राहायला गेली, तर त्यांची भांडणं शहराच्या आकड्यातून निघून ग्रामीणच्या आकड्यात जातील. कुणाचं वागणं तसूभरही बदललेलं नसेल. उलट बाजू अशी की अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारे भाविक सोलापुरातून पुढे जातात, सिव्हिल हॉस्पिटलला मराठवाडा आणि कर्नाटकातून पेशंट येतात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदान फुलून जातं. यांतल्या कुणाचं पाकीट मारलं गेलं तर गुन्हा सोलापूरच्या नावावर चढतो. माणूस मात्र भागाकारात कुठेच नसतो. रेल्वे स्टेशनात झालेली चोरी परत तिसरीकडे, लोहमार्ग पोलिसांकडे.

शहर लहान असलं की आणखी एक घोळ होतो. दहा लाखांच्या गावात वर्षाला वीस खून झाले तर दर दोन. पुढच्या वर्षी दोन भावकीत भांडण पेटून एका रात्रीत वेगवेगळ्या ठिकाणी चार माणसं गेली, की दर वीस टक्क्यांनी वाढला. बातमी ‘गुन्हेगारीचा आलेख चढता’. गावात तेवढ्याने काय बदललं? त्या दोन घरांपलीकडे काही नाही.

पण खरी गंमत कागदावर काय चढतं आणि काय चढत नाही यात आहे. मोबाईलचंच घ्या. मंगळवार बाजारात किंवा एसटी स्टँडवर खिशातून मोबाईल गेला की माणूस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार विचारतो, ‘कुणी काढताना बघितलं का?’ नाही. ‘मग पडला असेल.’ माणूसही घाईत असतो, त्याला सिमकार्डासाठी एक कागद हवा असतो. तो लिहून देतो की मोबाईल कोठेतरी पडून गहाळ झाला. शिक्का मिळतो, काम होतं. त्या क्षणी एक चोरी सरकारी हिशोबातून नाहीशी झाली. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची भर: पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी आता अदखलपात्र धरली जाते, म्हणजे एनसी. पोलिसांना मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या पिशवीतले तीन हजार गेले, तर ती तिची कित्येक दिवसांची कमाई असते. आकड्यांत तिची दखलपात्र चोरी दिसणार नाही. आणि एकाच फिर्यादीत घरात घुसणं, मारहाण, विनयभंग, शिवीगाळ सगळं असलं तरी एनसीआरबी त्यातला सगळ्यांत गंभीर तेवढा एक मोजतं.

त्यामुळे ज्या वर्षी एखादा अधिकारी ‘आलेली प्रत्येक फिर्याद दाखल करा’ असा दंडक घालतो, त्या वर्षी शहराची अब्रू जाते. जो टोलवाटोलवी करतो, त्याच्या काळात शांतता नांदते. मला विचाराल तर चोरी-छेडछाडीचे आकडे वाढलेले पाहून मी आधी ठाण्यावर कोण आहे ते बघतो. कोयते-तलवारींच्या केसेस तर बहुतांशी पोलिसांच्या उत्साहावर चालतात. कुणी वाढदिवसाला तलवारीने केक कापला, रील टाकली, दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली गुन्हा आणि गुडघ्यावर बसवून माफीचा व्हिडिओ. पोरं मूर्ख आहेत यात वाद नाही. पण असे दहा गुन्हे दाखल झाले म्हणून तुमच्या मुलीचा रस्ता दहापट धोक्याचा होत नाही. ‘अमुक सराईत दोन वर्षांसाठी तडीपार’ हीही बातमी वाचून धसका घेऊ नका. तडीपारी ही पोलीस कायद्यातली प्रतिबंधक कारवाई असते, शिक्षा नव्हे. आणि खासगीत सांगतो, तडीपार झालेला माणूस चार दिवस विजापूर किंवा गुलबर्ग्याला पाहुण्यांकडे काढून रात्री घरी जेवायला आल्याची प्रकरणं मी भरपूर चालवली आहेत.

लपवता येत नाही असा आकडा खुनाचा, म्हणून मी तो धरतो. २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, लाखामागे २.१. कारणं बघा: वादावादीतून ९,९६२, वैयक्तिक वैरातून ३,७६१, आणि आर्थिक फायद्यासाठी १,८८४. म्हणजे चोराने लुटताना जीव घेतला, हे आपल्या मनातलं चित्र एकूण हिशोबात फार छोट्या कोपऱ्यात बसतं. माझ्याकडच्या दोषारोपपत्रांचंही तेच. ‘अनोळखी इसम’ क्वचित. बाकी सगळे चुलतभाऊ, भागीदार, शेजारी, दारूच्या बैठकीतले मित्र, नवरे. अशिलाला विचारावं की का मारलंस, तर तो म्हणतो, ‘काय सांगू साहेब, आपलाच माणूस हाय की, पण लई बोलला.’ बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण देशात दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वर असतं. महिलांवरच्या अत्याचारांचे जे ४,४५,२५६ गुन्हे २०२२ मध्ये नोंदले गेले, त्यांतले सर्वाधिक, जवळपास एक तृतीयांश, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचे. दार लावून आतून कडी घातली की सुरक्षित, हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नसतं.

दारूचा विषय निघालाच म्हणून एक गोष्ट सांगतो. शहराला लागून असलेल्या तांड्यांवर, विशेषतः मुळेगाव तांड्यावर, हातभट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालायची. पोलीस धाड टाकायचे, रसायन ओतायचे, आठ दिवसांत भट्टी परत पेटायची. २०२१ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. धाडी तर होत्याच, पण एकेक अधिकाऱ्याने एकेक तांडा दत्तक घ्यायचा, भट्टीवाल्याला दुसरा धंदा लावून द्यायचा. सगळं सुरळीत झालं असं नाही. तरी संध्याकाळच्या मारामाऱ्या कमी करण्याच्या दृष्टीने मला शंभर नाकाबंद्यांपेक्षा हा उपाय मोलाचा वाटतो.

घर कुठे घ्यावं? इथे लोक तुम्हाला लगेच सांगतील, ‘अमक्या वस्तीच्या बाजूला नको.’ त्यातलं एक नाव सेटलमेंटचं असेल. ते नाव कुठून आलं तेवढं ऐकून ठेवा. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि सोलापुरात त्यांची काटेरी तारेच्या आत वसाहत केली. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, रात्री परत आत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. त्या घरांतली आजची पोरं शिकलेली आहेत, नोकऱ्या करतात, आणि तरीही जवळपास कुठे घरफोडी झाली की आधी त्यांच्याकडे विचारपूस होते. ज्या वस्तीत पोलीस जास्त शोधतात, तिथे जास्त सापडतं, नोंदी वाढतात, आणि मग त्या नोंदी दाखवून पुन्हा तिथेच शोधतात. वस्तीच्या नावावरून घर नाकारू नका, एवढंच.

सोलापूरचे ढोबळ तीन भाग समजा. बाळीवेस, तुळजापूर वेस, चाटी गल्ली, नवी पेठ हे जुनं गाव: दाटीवाटी, सगळे एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखणारे. अशोक चौक, साखर पेठेच्या अंगाने जाणारा पूर्व भाग: यंत्रमागांचा खडखडाट, तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं, रात्रपाळ्या. बाहेरच्याला तो भाग बकाल वाटतो, पण तिथे रात्री अकरालाही ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतं, चहाची गाडी चालू असते. एकट्या माणसाला त्याच्याइतका चांगला पहारा नाही. तिसरा १९९२ नंतरचा हद्दवाढ भाग: जुळे सोलापूर, होटगी रोड, मजरेवाडी, शेळगी. बदलीवर आलेली माणसं इथेच राहतात. मोकळं, हवेशीर, बंगले छान, आणि घरफोड्या करणाऱ्यांच्याही आवडीचं. मोकळे प्लॉट, वेड्या बाभळी, बंद दिवे, रस्त्याच्या शेवटचा रो हाऊस. तुम्ही तिघी आहात. ले-आउटच्या टोकाचं घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सात रस्ता, रेल्वे लाइन्स, विजापूर रोडला दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघा, जिथे जिन्यावरून दिवसभर ये-जा असते.

घरफोडीची फिर्याद इथे जवळपास छापील असते: ‘फिर्यादी हे कुटुंबासह मूळ गावी गेले असता, अज्ञात चोरट्याने बंद घराच्या मुख्य दरवाज्याचा कडी-कोयंडा कशाच्या तरी साहाय्याने तोडून आत प्रवेश केला व कपाटातील सोन्याचे दागिने…’ मे महिन्यात, लग्नसराईत आणि दिवाळीत अशा कागदांची रास लागते. चोराला हवं असतं एकच, घर बंद असल्याची खात्री. आणि सोलापुरात ती देणारी एक खास गोष्ट आहे: पाणी. इथे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी रात्री. पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या यच्चयावत घरांत मोटारी चालू असतात, अंगणं धुतली जातात. ज्या दारात पाण्याच्या दिवशीही हालचाल नाही, ते घर रिकामं आहे हे कुणालाही कळतं. गावाला जाताना शेजारणीला तेवढं पाणी भरून घ्यायला सांगा. टाकीही भरते आणि घर जागतं दिसतं. कडी-कोयंड्याऐवजी दारातच बसणारं लॅच बसवा. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, हे तुम्हाला मी काय सांगायचं. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो मात्र मोबाईलमध्ये असू द्या. चोर सापडला, मुद्देमाल जप्त झाला, तरी कोर्टातून तो सुपूर्दनाम्यावर सोडवून घेताना ‘हे माझंच’ हे दाखवावं लागतं, आणि सासूबाईंच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या पाटल्यांची पावती कुणाकडेच नसते.

सासूबाई तुळजापूर-अक्कलकोटला जातीलच. एसटीत चढताना दाराशी रेटारेटी होते, नेमकी तिथेच गंठणं जातात. पुढे एक बाई मुद्दाम अडखळते, मागून दुसरी ढकलते, तिसरीचा हात पर्समध्ये. सीटवर बसल्यावर कळतं, तोवर गाडी स्टँडच्या बाहेर पडलेली असते. दागिने अंगावर न घालता पिशवीत ठेवले तर पिशवी पोटाशी घ्यावी, पाठीला नको. सकाळी फिरायला गेल्यावर चेन ओढण्याचे प्रकार अधूनमधून होतात; नव्या संहितेत हिसकावून नेण्याला आता वेगळं कलम आहे, ३०४. रात्री चालायला निघालात तर माझा अनुभव असा की चोरापेक्षा कुत्री जास्त भेटतात. हातात काठी ठेवा.

आता ज्याने सोलापुरात सर्वांत जास्त घरं बसली, त्याकडे येतो. खासगी सावकारी. तुमच्या बँकेच्या काउंटरवरही याची सावली दिसेल. विडी कामगार, यंत्रमागावरचा कामगार, भाजीवाला, छोटा दुकानदार, अलीकडे नोकरदारही. महिना दहा टक्के व्याज इथे कुणाला धक्कादायक वाटत नाही. दहा हजार मागितले तर पहिल्या महिन्याचं व्याज कापून नऊ हातात येतात. तारण म्हणून सही केलेले दोन कोरे चेक आणि बाँडवर लिहून घेतलेलं साठेखत; पूर्वी शंभरच्या, आता पाचशेच्या. वर्षभर व्याज भरूनही मुद्दल जागचं हलत नाही. मग एक दिवस गाडी ओढून नेतात, दारात चार पोरं येऊन बसतात.

आकड्यांत हे कसं दिसतं ते बघा. धमकी, शिवीगाळ, गाडी नेणं याची फिर्याद माणूस देत नाही, कारण तो सावकार गल्लीतलाच, कधी मेव्हण्याचा मित्र, कधी मंडळाचा अध्यक्ष. सावकार मात्र तो कोरा चेक भरतो, वटत नाही, आणि कोर्टात चेक बाउन्सची केस टाकतो. म्हणजे ज्याच्यावर जुलूम झाला तो आरोपी म्हणून तारखा करतो आणि जुलूम करणारा फिर्यादी. मी अशा कर्जदारांची कामं चालवतो, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो की व्याज दिल्याचा काही कागद आहे का. बहुधा नसतो. आता लोक फोन-पेवरून पैसे देतात, त्यामुळे पुरावा राहायला लागला, हे चांगलं झालं. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार पोलिसांबरोबरच सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातही करता येते. ते धाड घालून चेक, बाँड, वह्या जप्त करू शकतात, लाटलेली जमीन परत करण्याचा हुकूम काढू शकतात. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी पहिल्याच महिन्यात उसने मागतील, तर त्यामागे काय आहे तेवढं विचारून बघा.

त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे भिशी आणि प्लॉट. इथे जम बसला की कुणीतरी ‘सोरेगावकडे स्वस्तात प्लॉट आहे’ म्हणून येईल. गुंठेवारीतला एकच तुकडा दोघांना, कधी तिघांना विकलेला असतो. सातबारा, एनए म्हणजे बिगरशेतीचा आदेश, सर्च रिपोर्ट याशिवाय इसार देऊ नका, सांगणारा ऑफिसातला सहकारी असला तरी.

मुलीचा प्रश्न. क्लासला एकटी जाऊ द्या. तिला कोंडून ठेवण्यासारखं शहर नाही हे. त्रास झालाच तर बहुधा असा होईल: एखादा मुलगा क्लास सुटल्यावर रोज बाइकवरून मागे येतो, इन्स्टाग्रामवर मेसेज टाकतो, मैत्रिणीकडून नंबर मिळवतो. पाठलाग करणं हा संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, मोबाईलवरून केलेलाही, आणि एकदा दोषी ठरून पुन्हा केला तर अजामीनपात्र. ती अठराच्या आतली असल्याने पॉक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याचंही संरक्षण आहे. अडचण कायद्याची नसते, गावाच्या आकाराची असते. इथे प्रत्येकजण कुणाचा तरी पाहुणा निघतो. क्लासवाले सर, नगरसेवक, मुलाचे काका येऊन ‘मिटवून घ्या, मुलीचं नाव होईल’ म्हणतात. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे आणि अशा फिर्यादी पोलिसांच्या साइटवर टाकल्या जात नाहीत, हे त्यांना तोंडावर सांगा. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. पहिला फोन ११२ ला. दामिनी पथकाच्या महिला पोलिसांनी त्या मुलाला एकदा बापासमोर उभं केलं की निम्मी प्रकरणं तिथेच संपतात.

तिला मोपेड मात्र घेऊन देऊ नका. सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या लायसन्सवर ५० सीसीच्या आतली विनागिअर गाडीच चालवता येते, आणि तुम्ही बघाल त्या सगळ्या मुली ११० सीसीवर असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या १९९अ कलमाखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. पण दंडापेक्षा मला भीती वेगळीच आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, खुनांच्या जवळपास सहापट. आणि सोलापूर म्हणजे पुणे-हैदराबाद आणि विजापूर-तुळजापूर या दोन महामार्गांचं नाकं. जड वाहनं शहराच्या पोटातून जातात. त्यांच्या वेळांवरून इथे वर्षानुवर्षं आंदोलनं चालली आहेत. नोव्हेंबर ते मार्च त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर, एकामागे दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. क्लास घरापासून चालत जाता येईल असा निवडा, नाहीतर रिक्षा लावा.

मिरवणुकांचं एक सांगायचं राहिलं. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मार्कंडेय, बसवेश्वर, नवरात्र: वर्षातला मोठा भाग शहर मिरवणुकीत असतं. २००२ च्या ऑक्टोबरातली दंगल जुनी माणसं अजून काढतात, पण एरवी त्रास होतो तो डीजेचा आणि अडलेल्या रस्त्यांचा. सासूबाईंना हृदयाचा त्रास असेल तर मिरवणुकीच्या मुख्य रस्त्यावरचं घर टाळा.

फोनवरच्या फसवणुकीबद्दल बँकेतल्या माणसाला जास्त काय सांगू. फक्त घरात सगळ्यांना हेल्पलाइनचा नंबर पाठ असू द्या. सोलापूरकराला तो विसरता येत नाही: १९३०, इथे मार्शल लॉ लागलं ते साल. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर पुढच्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. ‘आधी मुलाला विचारते’ म्हणत सासूबाई संध्याकाळपर्यंत थांबल्या, की गेलेच.

आणि कधी फिर्याद द्यायची वेळ आलीच तर ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे ऐकून परत फिरू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाखाली हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन पाठवला तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. घेतच नसतील तर लेखी अर्ज आवकला द्या, पोहोच घ्या, मग आयुक्तालय, मग मॅजिस्ट्रेट. चोरीला गेलेला मोबाईल ‘गहाळ’ म्हणून लिहून देऊ नका.

घराचा भाडेकरार रजिस्टर करून घ्या, आणि घरमालक पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतो ना, ते बघा; तो टाळाटाळ करत असेल तर इतर भाडेकरूंचीही त्याने दिलेली नसेल. घर पक्कं करण्याआधी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जाऊन ‘सोलापूर शहर’ निवडा, त्या भागाचं ठाणं निवडा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांच्या प्रसिद्ध केलेल्या फिर्यादी वाचा. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या तिथे टाकाव्या लागतात. कुठल्या गल्लीत, किती वाजता, काय गेलं, भांडण कुणाकुणात झालं, सगळं मराठीत लिहिलेलं असतं. दोन संध्याकाळी तेवढं वाचून आलात की घरमालकाला काय विचारायचं ते सुचेल: जिन्यातला दिवा रात्री चालू असतो का, वरच्या मजल्यावर कोण राहतं, समोरचा मोकळा प्लॉट कुणाचा, आणि पाणी कोणत्या दिवशी किती वाजता येतं.